‘कुणाकडं किती अडकलंय?’ – ओपन सोर्स बीआय साधनं निवडताना

पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली की तब्येतीची चौकशी नंतर होते. आधी विचारलं जातं, ‘आयर्विनला किती फूट?’ कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फुटाला इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. मग कोयनेत साठा किती टीएमसी आणि विसर्ग किती क्यूसेक. एवढ्या तीन आकड्यांवर माणसं ठरवतात की फ्रिज माडीवर चढवायचा, की अजून एक रात्र थांबायचं. कृष्णेचा सगळा हिशोब कुणी मागत नाही.

बिझनेस इंटेलिजन्स, बोलताना बीआय, हे भारदस्त नाव अशाच कामाला दिलेलं आहे. धंद्याच्या नोंदी वर्षानुवर्षं साठतात. त्यांतून निर्णयापुरता आकडा, तक्ता किंवा आलेख काढून देणारी सॉफ्टवेअर ती बीआयची साधनं. पॉवर बीआय आणि टॅब्लो ही त्यातली गाजलेली विकतची नावं. (पॉवर बीआयचं डेस्कटॉप फुकट मिळतं, पण ते ओपन सोर्स नाही, आणि त्यावर केलेलं काम दुसऱ्यांना रीतसर दाखवायचं तर सहसा परवान्याचे पैसे मोजावे लागतात.) इथं बोलायचंय ते ज्यांचा कोड उघडा आहे, आपल्या मशीनवर आपण बसवू शकतो, अशा साधनांबद्दल.

मी व्यापाऱ्यांच्या बिलिंग सॉफ्टवेअरची देखभाल करतो. मार्केट यार्डात एक हळदीचं अडत दुकान आहे. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. एके दिवशी सौदे उरकल्यावर त्यांनी मला बसवून घेतलं.

“बारा वर्षांचं सगळं भरलंय त्या कॉम्प्युटरात. पर मला एवढंच सांग, कुणाकडं किती अडकलंय, अन् कधीपासनं?”

“दिवाणजी काढून देतात की, अण्णा.”

“दिवाणजी दोन दिवसांनी काढून देतोय. तवर तो व्यापारी आणि पन्नास पोती उचलून जातोय.”

घरी येऊन मी ‘सगळ्यात चांगलं ओपन सोर्स बीआय कोणतं’ हे शोधत बसलो आणि आठवडा घालवला. प्रत्येक यादीत वीस-वीस नावं, प्रत्येकापुढे बरोबरच्या खुणा. शेवटी लक्षात आलं की या याद्यांत तीन वेगळ्या धंद्यांची अवजारं एकाच पोत्यात भरलेली आहेत. कुदळ, वजनकाटा आणि दाभण यांत चांगलं कोणतं, असं विचारल्यासारखं ते होतं.

तीन वेगळी कामं

पहिलं काम पट्टीचं. शेतकऱ्याच्या हातात पडणारा कागद: किती पोती, किती वजन, काय दर, त्यातून हमाली-तोलाई वजा, खाली निव्वळ रक्कम. साचा ठरलेला. रोज तसाच, ओळीला ओळ लागून छापला गेला पाहिजे. इथं कुणी प्रश्न विचारत नाही, कागद मागतं.

दुसरं काम अण्णांच्या प्रश्नाचं. त्याची खोड अशी की उत्तर मिळालं की त्यातून पुढचा प्रश्न निघतो. साठ दिवसांपुढचं दाखव. त्यात राजापुरी हळदीचं किती? याच माणसानं गेल्या हंगामात पैसे किती दिवसांनी दिले होते? असे प्रश्न आधीपासून ठरवून त्यांचे साचे करून ठेवता येत नाहीत.

तिसरं काम पहाऱ्याचं. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये तापमान दर मिनिटाला नोंदवलं जातं. ते वर गेलं की रात्री दोन वाजतासुद्धा कुणाचा तरी फोन वाजला पाहिजे.

रिपोर्ट, डॅशबोर्ड (एकाच पडद्यावर मांडलेले आलेख-तक्ते), बीआय हे शब्द तिन्ही कामांना सर्रास वापरले जातात, आणि एका कामाचं साधन दुसऱ्याला लावलं की ‘हे सॉफ्टवेअर बेकार आहे’ असं ऐकायला मिळतं. मी स्वतः ते दोनदा म्हणून झालोय.

छापील कागदवाले

पहिल्या घराण्यातलं सगळ्यात रुळलेलं नाव जॅस्पररिपोर्ट्स. रोमानियाच्या तेओदोर दांचू यांनी २००१ मध्ये याची सुरुवात केली. पुढे जॅस्परसॉफ्ट कंपनी उभी राहिली आणि २०१४ मध्ये ती टिब्कोनं विकत घेतली. मूळ लायब्ररी एलजीपीएल परवान्याखाली आहे, म्हणजे तुमच्या विकतच्या सॉफ्टवेअरमध्येही ती जोडता येते. आपल्याकडच्या जावा भाषेतल्या कितीतरी बिलिंग आणि बँकिंग सॉफ्टवेअरच्या पोटात हीच बसलेली असते, वापरणाऱ्याला ठाऊकही नसतं.

यात पानाचे आडवे पट्टे पाडतात. वरचा पट्टा दुकानाच्या नावाचा, मग रकान्यांच्या मथळ्यांचा, मधला तपशिलाचा (जितक्या नोंदी तितक्या वेळा हा पुन्हा छापतो), शेवटी बेरजेचा. एकदा हे डोक्यात बसलं की पट्टी, खातेउतारा, वर्षअखेरचा दाखला, काहीही मांडता येतं.

बर्ट हा त्याचा भाऊबंद, एक्लिप्स प्रकल्पातला. २००४ मध्ये ॲक्च्युएट कंपनीच्या पुढाकारानं सुरू झाला, पुढे ती कंपनी ओपनटेक्स्टकडे गेली. मधली काही वर्षं प्रकल्प थंड होता, २०२२ पासून परत नव्या आवृत्त्या येऊ लागल्या. पेंटाहो हे मोठं एकत्र कुटुंब, २००४ चंच. २०१५ मध्ये ते हिताचीच्या ताब्यात गेलं. त्यातलं केटल, म्हणजे एका डेटाबेसमधून दुसऱ्यात माल हलवणारं साधन, लोकांचं खरं लाडकं. त्याच्याच कोडमधून पुढे अपाची हॉप हा वेगळा प्रकल्प निघाला. आज नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं पेंटाहोचं अख्खं घर बांधायला घेऊ नये असं माझं मत आहे. केटलपुरतं काम असेल तर सरळ हॉप बघावं.

या घराण्यात दोन काटे आपल्याच पायात मोडतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिला मराठीचा. जॅस्परमधून पट्टीची पीडीएफ काढली आणि ‘क्विंटल’ हा शब्द चार तुकड्यांत बाहेर पडला. क, त्याचा पाय मोडलेला, पुढे व, आणि वेलांटी व्यंजनाच्या आधी यायची ती नंतर लटकलेली. फॉन्ट चुकलाय समजून मी पाच फॉन्ट बदलले. दोष फॉन्टचा नव्हताच. देवनागरीत अक्षरं नुसती एकापुढे एक ठेवून भागत नाही, जोडाक्षर घडवावं लागतं, आणि पीडीएफ लिहिणारा जुना भाग ते घडवतच नव्हता. उपाय एका सेटिंगमध्ये आहे: अमुक लिप्यांचा मजकूर अक्षरं म्हणून लिहू नकोस, आकार म्हणून काढ, असं जॅस्परला सांगता येतं, आणि त्या यादीत देवनागरी घालायची. मग छपाई सुरेख येते. मशीनवर तो फॉन्ट नीट जोडलेला हवा, नाहीतर चौकोन दिसतात.

दुसरा लाखाचा. आपण १२,३४,५६७ लिहितो, शेवटचे तीन आकडे सोडून पुढे दोन-दोनचे गट. जावाचं आकडे सजवणारं नेहमीचं साधन फक्त एकाच मापाचे गट पाडतं. साच्यात तुम्ही कितीही प्रेमानं स्वल्पविराम लाखाच्या जागी द्या, ते शेवटचा गट बघून सगळे तसेच पाडतं आणि १,२३४,५६७ छापतं. अण्णांनी तो कागद हातात धरून विचारलं होतं, “हे काय, दुबईला माल पाठवलाय काय?” आम्ही शेवटी रक्कम डेटाबेसमधूनच मजकूर म्हणून तयार करून आणली. ओबडधोबड उपाय आहे, चालतो.

प्रश्नोत्तरवाले

अण्णांचं दुखणं इथलं, म्हणून माझा बहुतेक वेळ इथं गेला. नावं तीन: मेटाबेस, सुपरसेट, रीडॅश. तिन्ही ब्राउझरमध्ये चालतात, तिन्ही मायएसक्यूएल, पोस्टग्रेस अशा नेहमीच्या डेटाबेसला जोडता येतात, तिन्हींत आलेख काढून डॅशबोर्डवर मांडता येतात. यादीतल्या खुणा इथं संपतात. खरा फरक, प्रश्न कोण विचारणार, यात आहे.

मेटाबेस २०१५ मध्ये ओपन सोर्स म्हणून बाहेर आलं. जावा असलेल्या मशीनवर एक फाइल चालवायची, झालं. चहा होईस्तोवर लॉगिनचं पान येतं. प्रश्न बांधायचा तो माउसनं: तक्ता निवडा, गाळणी लावा (येणे बाकी शून्यापेक्षा जास्त), काय मोजायचं ते सांगा (बाकीची बेरीज), कशानुसार वाटायचं ते सांगा (व्यापारी). आलेखातल्या एका खांबावर टिचकी मारली की त्यामागची बिलं उघडतात. दिवाणजी साठीला आलेत, त्यांना एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) म्हणजे काय ते ठाऊक नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः ‘साठ दिवसांपुढची बाकी, मोठ्यापासून लहान’ अशी यादी काढली आणि चष्मा पुसून परत एकदा बघितली. वहीतल्या आकड्याशी जुळली तेव्हाच मान हलवली.

मेटाबेसच्या बाबतीत मी एक चूक केली, ती तुम्ही करू नका. कुणी कोणता प्रश्न बांधला, कोणता डॅशबोर्ड कुणाचा, या स्वतःच्या नोंदी ते सुरुवातीला एचटू नावाच्या छोट्या फाइल-डेटाबेसमध्ये ठेवतं. खऱ्या वापरात ही फाइल नको, पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल लावा, असं त्याच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय. मी ‘नंतर बघू’ म्हटलं. मे महिन्यात वळवाचा पाऊस आला, एका दुपारी चारदा लाइट गेली, यूपीएसनं मान टाकली आणि ती फाइल बिघडली. धंद्याचा डेटा वेगळीकडे होता, त्याला धक्का नाही. पण दिवाणजींनी तीन आठवडे बसून बांधलेले प्रश्न गेले. ते मला काही बोलले नाहीत. नुसती कपाटातून वही काढली आणि उघडून बसले. त्यानंतर त्यांना परत त्या पडद्यासमोर आणायला मला दिवाळी उजाडली.

सुपरसेटची गोष्ट वेगळी. २०१५ मध्ये एअरबीएनबी कंपनीत मॅक्सिम बोशमँ या अभियंत्यानं हे सुरू केलं. (एअरफ्लो हे दुसरं गाजलेलं साधनही त्याचंच.) आधी नाव पॅनोरामिक्स, मग कॅराव्हेल, मग सुपरसेट. २०१७ मध्ये ते अपाची फाउंडेशनच्या छत्राखाली आलं आणि २०२१ च्या जानेवारीत तिथला पूर्ण दर्जाचा प्रकल्प म्हणून जाहीर झालं. आलेखांचे प्रकार भरपूर, एसक्यूएल लिहिणाऱ्यासाठी आत एसक्यूएल लॅब नावाचा प्रशस्त ओटा, रंगरूप हवं तसं बदलता येतं. लाख-कोटीचे गट कसे पाडायचे, आधी तीन आणि मग दोन-दोन, हेही त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये सांगता येतं. मी वापरतो त्या मेटाबेसमध्ये स्वल्पविरामाचे जेवढे पर्याय आहेत ते सगळे हजाराचे.

मग सुपरसेटच का नको? कारण ते बसवणं म्हणजे एक फाइल चालवणं नाही. मुख्य सर्व्हर, त्याच्या नोंदींचा डेटाबेस, मागं कामं उरकणारे सेलरी (Celery) नावाच्या प्रोग्रामचे कामगार, त्यांना निरोप पोचवणारं रेडिस. रोज सकाळी डॅशबोर्डचं चित्र मेलवर हवं असेल तर गुपचूप पान उघडून फोटो काढणारा बिनपडद्याचा ब्राउझरसुद्धा. यातला एक रुसला की बाकीचे चालू असतात आणि मेल मात्र येत नाही. ज्या संस्थेत असं रुसणं ओळखणारा माणूस पगारावर आहे, तिथं सुपरसेट शोभतं. अण्णांकडे तो माणूस मी, आणि मी आठवड्यातून एकदा जातो.

एका ठिकाणी मात्र मी सुपरसेटच सुचवलं. एका दूध संस्थेची वीसेक संकलन केंद्रं. प्रत्येक केंद्रचालकाला तोच डॅशबोर्ड दिसावा पण आकडे फक्त स्वतःच्या केंद्राचे, अशी अट होती. याला ओळीपातळीची परवानगी म्हणतात. सुपरसेटमध्ये ती फुकट आहे. ‘या भूमिकेतल्या माणसाला केंद्र क्रमांक ७ च्याच ओळी’ असा नियम लिहिला की झालं. मेटाबेसच्या मोफत आवृत्तीत अख्खा तक्ता दाखवा किंवा लपवा एवढंच करता येतं. त्याच तक्त्यातल्या ओळी माणसागणिक वाटायच्या तर विकतची आवृत्ती घ्यावी लागते. वीस केंद्रांसाठी वीस वेगळे तक्ते बनवून हे टाळता येतं, पण एकविसावं केंद्र उघडलं की तुम्ही मला शिव्या द्याल.

रीडॅश हे तिघांत वयानं मोठं, २०१३ चं, इस्रायलमधल्या एका कंपनीत अरिक फ्राइमोविच यांनी सुरू केलेलं. त्याचा स्वभाव सरळ आहे: एसक्यूएल लिहा, उत्तर बघा, आलेख काढा, दुवा पाठवा. माउसनं प्रश्न बांधायची सोय नाही. २०२० मध्ये डेटाब्रिक्सनं कंपनी विकत घेतली, २०२१ च्या अखेरीस तयार चालवून देण्याची सेवा बंद केली, आणि आता वापरणाऱ्यांचा समुदाय कोड सांभाळतो. चार एसक्यूएल जाणणारी पोरं एका खोलीत बसत असतील तर आजही मजेत वापरतील. अडत दुकानात त्याचं काम नाही.

तुमचं सगळं ईआरपीनेक्स्ट या धंद्याचा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालत असेल तर ते बनवणाऱ्या मुंबईच्या फ्रॅप्पे कंपनीचंच इनसाइट्स आधी बघा. घरचा डेटा घरातच वाचला जातो.

आणि एक गोष्ट या सगळ्यांच्या आधी विचारायची असते: एक्सेल पुरेल का? प्रश्न विचारणारा एकच माणूस, नोंदी काही हजार, तर एक्सेलमधला पिव्हट तक्ता वाईट नाही. एका पानात १०,४८,५७६ ओळी मावतात. पण तीच फाइल तीन जणांच्या पेनड्राइव्हवर तीन रूपांत फिरायला लागली की समजायचं, वेळ झाली.

पहारेकरी

तिसऱ्या घराण्यात एकच नाव पुरेसं आहे, ग्राफाना. स्वीडनच्या तोर्केल ओडेगार्ड यांनी किबाना या दुसऱ्या आलेख-साधनाच्या कोडवरून वेगळं काढून २०१४ मध्ये आणलेलं. वेळेनुसार सरकणारा आकडा दाखवणं आणि तो मर्यादेपार गेला की हाक मारणं, यात त्याचा हात धरणारं कुणी नाही. आयर्विनची पातळी कुणी डिजिटल मांडली तर ग्राफानात ती शोभेल: ४० वर पिवळी रेघ, ४५ वर लाल. कोल्ड स्टोरेज, पाण्याचे पंप, सोलर इन्व्हर्टर, सर्व्हरची तब्येत, सगळं इथं. त्यात येणे बाकी मांडायचा प्रयत्न मी एकदा केला. रेघ छान आली, पण ती बघून वसुलीला कुणाच्या दारात जायचं ते कळेना. आणि पीडीएफ रिपोर्ट पाठवायची त्याची सोय विकतच्या आवृत्तीत आहे.

हमाली तिप्पट कशी झाली

साधन बसवलं, आलेख आले, आणि पहिल्याच महिन्यात हमालीचा आकडा अण्णांना खटकला. “एवढी हमाली दिली असती तर हमाल माझ्या शेजारी बंगला बांधून राहिला असता.”

हा घोळ कोणत्याही साधनात होतो, म्हणून नीट समजून घ्या. एका शेतकऱ्याची आवक आली, ४० पोती. आवक-पावती एक, तिच्यावर हमाली ६०० रुपये. माल तीन लॉटमध्ये विकला गेला, म्हणून सौद्याच्या तक्त्यात तीन ओळी. आता ‘कोणत्या व्यापाऱ्याच्या मालावर हमाली किती’ बघायला दिवाणजींनी दोन्ही तक्ते पावती क्रमांकावर जोडले. जोडताना पावतीची ओळ तिन्ही लॉटांपुढे एकेकदा उभी राहिली, प्रत्येकीसोबत ६०० आले. बेरीज १,८००. सॉफ्टवेअरनं काही चुकवलं नाही, त्याला सांगितलं ते त्यानं केलं. पावती एक आणि लॉट अनेक असतील तेव्हा पावतीवरची रक्कम जोडणीनंतर बेरजेला घ्यायची नाही, किंवा आधी वजनाच्या प्रमाणात लॉटांवर वाटून घ्यायची. हा नियम कुणीतरी एकदा बसून ठरवायचा असतो.

ठरवला की तो एका जागी लिहून ठेवायची सोय मेटाबेस आणि सुपरसेट दोन्हींत आहे. मेटाबेसमध्ये तिला मॉडेल म्हणतात, सुपरसेटमध्ये डेटासेट. दोन्हींचा अर्थ असा की मूळ तक्त्यांवरून एक स्वच्छ, जोडून तयार केलेला तक्ता मांडून ठेवायचा आणि बाकीच्यांनी त्यावरच प्रश्न विचारायचे. दिवाणजींना आता मूळ तक्ते दिसतच नाहीत. त्यांच्यासमोर तीनच नावं आहेत: आवक, विक्री, येणे बाकी. साधन कोणतं यापेक्षा या तीन तक्त्यांवर मी जास्त दिवस घालवले.

त्यातले निम्मे दिवस गावांच्या नावांवर गेले. तालुक्यानुसार आवक बघायला गोल आलेख काढला तर जिल्ह्यात दहा तालुके आणि आलेखात सतरा फाका. कवठे महांकाळ एकटाच पाच रूपांत: ‘कवठेमहांकाळ’, ‘कवठे महांकाळ’, ‘क. महांकाळ’, ‘के. महांकाळ’ आणि नुसतं ‘महांकाळ’. बारा वर्षांत चार पोरांनी डेटा भरला, प्रत्येकानं आपापल्या आवडीनं. यावर उपाय जुनाच: गावांचा एक पक्का तक्ता, त्याला क्रमांक, आणि भरताना टाइप करण्याऐवजी यादीतून निवड.

तारखांचाही असाच एक प्रकार. या साधनांची तिमाही जानेवारीपासून चालते. आपलं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, आणि हळदीच्या माणसाला त्याहीपेक्षा हंगाम कळतो. म्हणून एक तारखांचा तक्ता बनवला: प्रत्येक तारखेपुढे आर्थिक वर्ष, त्यातली तिमाही आणि हंगाम. बाकी तक्ते त्याला जोडले. छोटीशी गोष्ट, पण यामुळे गेल्या हंगामाशी तुलना पहिल्यांदा खरी निघाली.

टॅली वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. टॅली हा यांपैकी कुठल्याही साधनाला सरळ जोडता येईल असा नेहमीच्या धर्तीचा डेटाबेस नाही. त्यातून एक्सएमएल किंवा ओडीबीसीच्या वाटेनं डेटा बाहेर काढून तो पोस्टग्रेसमध्ये टाकणारी छोटी स्क्रिप्ट लिहावी लागते. ती रात्री चालवायची. बिलिंगच्या चालू डेटाबेसवरही थेट प्रश्न सोडायचे नाहीत. भर सौद्याच्या वेळी कुणी बारा वर्षांची बेरीज मागितली तर काट्यावरची पावती अडकते, आणि मग तुमची खैर नाही. रात्रीची प्रत वेगळी, आणि बीआयला तिच्यावर नुसती वाचायची परवानगी.

फुकट म्हणजे किती फुकट

परवान्यांचं थोडक्यात. सुपरसेट अपाची परवान्यावर, रीडॅश बीएसडीवर: घ्या, बदला, आपल्या मालात घालून विका, फारशी आडकाठी नाही. मेटाबेसची मोफत आवृत्ती एजीपीएल परवान्यावर आहे, ग्राफानाही २०२१ पासून तिथंच. एजीपीएलचं सार असं की मूळ कोडमध्ये फेरफार करून ते इंटरनेटवरून लोकांना वापरायला दिलं तर तो बदललेला कोडही त्यांना द्यायचा. दुकानात आहे तसं बसवून वापरणाऱ्याला याची झळ नाही. पण तुम्ही स्वतः सॉफ्टवेअर बनवून विकत असाल आणि त्याच्या पोटात हे घालणार असाल, तर आधी वकिलाला दाखवा.

आणि सुरक्षा. २०२३ या एका वर्षात दोन्ही मोठ्या साधनांना चांगलेच फटके बसले. एप्रिलमध्ये उघड झालं की सुपरसेट बसवताना सोबत येणारी गुप्त किल्ली अनेकांनी बदललीच नव्हती. ती किल्ली सगळ्या जगाला ठाऊक, त्यामुळे कुणीही मालक म्हणून आत शिरू शकत होतं. जुलैमध्ये मेटाबेसमध्ये अशी भेग सापडली की लॉगिन न करताही सर्व्हरवर हुकूम चालवता यावा. दुरुस्त्या लगेच आल्या, पण दुरुस्ती येणं वेगळं आणि तुमच्या मशीनवर ती चढणं वेगळं. विकतच्या सेवेत ते काम त्यांचं असतं, इथं आपलं. म्हणून मी हे थेट इंटरनेटवर उघडं ठेवत नाही. अण्णांच्या फोनवर व्हीपीएन (दुकानाच्या मशीनपर्यंतची खासगी वाट) आहे, ते सुरू केलं तरच पान दिसतं. सुरुवातीला त्यांना ती कटकट वाटली. आता ते त्याला ‘कुलूप’ म्हणतात.

खर्च विचाराल तर सॉफ्टवेअरला शून्य. एक जुना पण धडधाकट कॉम्प्युटर, त्यात आठ जीबी मेमरी, चांगली बॅटरी असलेला यूपीएस, आणि माझे दिवस. ते दिवस कुठल्याच तुलनेच्या तक्त्यात नसतात.

आता मांडणी अशी आहे. पट्टी आणि खातेउतारा जॅस्परमधून छापला जातो, पूर्वीसारखाच. बिलिंगची आणि टॅलीची प्रत रात्री पोस्टग्रेसमध्ये येते, तिच्यावर मेटाबेस. त्याच्या स्वतःच्या नोंदीही पोस्टग्रेसमध्ये. सकाळी साडेआठला अण्णांच्या मेलवर एकच तक्ता जातो: साठ दिवसांपुढची येणे बाकी, नाव, रक्कम, दिवस. मी आधी त्यात आवकेचा आलेख आणि दराची रेघ घातली होती, त्यांनी काढायला लावली. “सकाळच्या पारी एकच बघतो मी.”

मशीन पहिल्यांदा गल्ल्यामागं ठेवलं होतं. २०१९ च्या पुरात खणभागातल्या माझ्या ऑफिसात छातीइतकं पाणी होतं, दोन कॉम्प्युटर चिखलासकट बाहेर काढले होते. ते सांगितल्यावर अण्णांनी दुसऱ्याच दिवशी सुताराला बोलावलं. आता ते माळ्यावर आहे, हळदीच्या रिकाम्या पोत्यांशेजारी, आणि रात्रीची एक प्रत पुण्याच्या सर्व्हरवर जाते. पिवळी धूळ मात्र बसतेच. पंखा महिन्यातून एकदा झाडून घ्यावा लागतो, ते काम दिवाणजींनी आपणहून अंगावर घेतलंय.